कम्युनिटी कॉलेजचे अनुभव: मदत, सिनेट, निवडणुका, सगळं चालेल

धुळ्याची_रेवा
लेकाच्या कम्युनिटी कॉलेजची (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, पुढे युनिव्हर्सिटीत जायचं) फॉलची फी भरत होतो, तर पावतीत सगळ्यात खाली 'स्टुडंट रिप्रेझेंटेशन फी, २ डॉलर', आणि नको असेल तर तसं कळवा. हा लगेच नको म्हणायला निघाला. म्हटलं हात तर लाव! त्यातला एक डॉलर कॉलेजच्या स्टुडंट गव्हर्नमेंटकडे राहतो नि दुसरा राज्याच्या स्टुडंट सिनेटला जातो, कॅलिफोर्नियात २०२० पासून असंच आहे. मग त्याला जुनं जुनं सांगत बसले आणि कणीक तशीच राहिली.

तर मी स्वतः कॉलेजच्या विद्यार्थी सिनेटमध्ये सिनेटर, म्हणजे मुलांची प्रतिनिधी, होते, हसू नका. एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर) आले तेव्हा ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, वगैरे काही नव्हतं (ते २०१५ ला आलं), बीकॉमचं सर्टिफिकेट बॅगेत, नवरा ऑफिसात, घरात मी नि टीव्ही. आधी नॉनक्रेडिटचे (डिग्रीला न मोजले जाणारे) इंग्लिश क्लास घेतले कारण ते फुकट असतात, मग अकाउंटिंग. संध्याकाळच्या वर्गाला येणारे आम्ही सगळे कामावरून नाहीतर मुलांना जेवायला घालून धावत येणारे, आणि काउन्सेलरचं ऑफिस पाचला बंद. कुठले युनिट (क्रेडिट) घ्यायचे, कुठला क्लास पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फरला चालतो, विचारायचं कुणाला? वर्गातली एक व्हिएतनामी बाई म्हणाली सिनेटच्या मीटिंगला जाऊन बोल. गेले. अध्यक्ष म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं, हातात लाकडी हातोडा, मी हात वर केला तर म्हणतो हा विषय अजेंड्यावर नाही, अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, तुम्हाला पब्लिक कॉमेंटमध्ये दोन मिनिटं मिळतील. सार्वजनिक सभांचा कायदा, ब्राउन अ‍ॅक्ट! तिकडे सिटी कौन्सिलला जो कायदा तोच या पोरांना. मला तर कौतुकच वाटलं. घशाला कोरड पडली पण बोलले. पुढच्या अजेंड्यावर विषय आला, त्यांनी कॉलेजकडे ठराव पाठवला, आणि त्या वर्षी दोन संध्याकाळी काउन्सेलर उशिरापर्यंत बसायला लागले. मग मलाच म्हणाले एक जागा रिकामी आहे, उभ्या राहा. बिनविरोध आले. पदाधिकाऱ्यांना थोडा स्टायपेंड होता, एच-फोरवर घेता येत नाही म्हणून नको लिहून दिलं.

लिहा तुमचेही. कणीक मळून येते.

खादाड_बोका
बिनविरोध सिनेटरबाईंना दंडवत 😂 मी आमच्या कॉलेजात सिनेटच्या मीटिंगला फक्त पिझ्झासाठी जायचो. एकदा मिनिट्स मंजूर करण्यावर इतका वेळ वाद घातला त्यांनी की पिझ्झा गार. तेव्हापासून राजकारणातून संन्यास.

अश्विनी_के
ईओपीएस कुणीच लिहिलं नाही अजून?? १९६९ पासूनचा मदतीचा प्रोग्रॅम आहे, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी. बाबांचं इथे येऊन काही जमत नव्हतं, आई डेकेअरला. आमची ग्रीन कार्ड असल्याने मला फी माफी मिळाली, पण पुस्तकं? एकेक पुस्तक दीडशे डॉलर. ईओपीएसने व्हाउचर दिलं आणि रजिस्ट्रेशनला पहिला नंबर, म्हणजे केमिस्ट्रीची लॅब भरायच्या आत सीट. अट एवढीच की फुलटाइम क्लास घ्यायचे आणि सेमिस्टरला तीनदा काउन्सेलरला भेटायचं. मला वाटायचं काय ही कटकट, आता कळतं की तिसऱ्या भेटीत बाई अभ्यासाचं विचारतच नव्हत्या, घरी जेवायला काय असतं ते विचारत होत्या. सॉरी बॉस आला, नंतर लिहिते.

नाना_डोंबिवली
इकडे कॉलेजच्या जीएसची (जनरल सेक्रेटरीची) निवडणूक म्हणजे काय धमाल असायची. पोस्टर, घोषणा, गेटवर मारामाऱ्या पण. १९८९ ला मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, पुढे निवडणुकाच बंद. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात तर वर्गात जास्त मार्क तो प्रतिनिधी. आमचा सीआर इतका हुशार की त्याला वर्गात कोण कोण बसतं हेच माहीत नव्हतं. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या म्हणे, कागदावर. माझ्या नातवाने अजून मत दिलेलं नाही.

खादाड_बोका
नाना तुम्ही उभे होतात का?

नाना_डोंबिवली
पडलो होतो. विषय बदला.

मीता_सॅनहोजे
माझा अनुभव आई म्हणून आहे, चालेल ना. मुलाला डिसलेक्सिया (वाचायला-लिहायला अडचण). हायस्कूलपर्यंत आयईपी, म्हणजे शाळेने लिहून दिलेला खास मदतीचा आराखडा, सगळ्या मीटिंगना मी, फाइल माझ्याकडे, टीचरचे मेल मला. कॉलेजात गेला आणि आयईपी संपला, तिथे तो चालतच नाही. मी फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात, मॅम तुमचा मुलगा आमचा विद्यार्थी आहे की नाही हेही मी सांगू शकत नाही. फर्पा कायदा, विद्यार्थ्याची माहिती गुप्त ठेवायचा. अगं फी मी भरतेय! दोन दिवस धुसफुसत होते. डिसेबिलिटी सर्व्हिसेसमध्ये त्याने स्वतः जायचं, स्वतः कागद द्यायचे, स्वतः सांगायचं की मला परीक्षेला जास्त वेळ लागतो. आणि दर टर्मला प्रोफेसरना पत्र पण त्यानेच पाठवायचं. पहिली टर्म गेलाच नाही, लाज वाटते म्हणाला, मॅथमध्ये डब्ल्यू (क्लास मधेच सोडल्याची नोंद) घेतला. दुसऱ्या टर्मला गेला, कसा ते मला अजून सांगितलेलं नाही. आता टेस्टिंग सेंटरमध्ये दीडपट वेळ मिळतो, कानाला हेडफोन लावून पुस्तक ऐकतो.

धुळ्याची_रेवा
मीता 🤗 फर्पाचा फटका आम्हालाही बसलाय.

प्रज्ञा_आर
सगळं गोड गोड चाललंय म्हणून. आमच्या कॉलेजचं नाव नको, पण काउन्सेलरने सांगितलेला फिजिक्सचा क्लास मला ज्या युनिव्हर्सिटीत जायचं होतं तिथे धरलाच नाही. एक अख्खं वर्ष लांबलं. तक्रार करायला गेले तर त्या बाई रिटायर झालेल्या आणि कुठेच काही लिहून ठेवलेलं नाही. नवीन मुलांनो, तोंडी सल्ल्यावर जाऊ नका, असिस्ट डॉट ऑर्गवर (कुठला क्लास कुठे धरतात ते दाखवणारी साइट) स्वतः कॉलेज नि युनिव्हर्सिटी टाकून बघा, एज्युकेशन प्लॅन लेखी मागा. सिनेटवाले तेव्हा टी-शर्टचा रंग ठरवत होते.

धुळ्याची_रेवा
प्रज्ञा, वर्ष गेलं म्हणजे वाईटच झालं गं. टी-शर्टचं मात्र खरं आहे, आम्ही पण त्यावर एक मीटिंग घालवली 🙈 आणि कॉलेजच्या कारभारी बोर्डावर एक स्टुडंट ट्रस्टी असतो, पण त्याचं मत नुसतं सल्ल्यापुरतं, मोजत नाहीत. युनिटमागे ४६ डॉलर फी तर राज्यच ठरवतं. मग पोरांच्या हातात उरतं काय, तर स्वतःचं बजेट. ते मात्र छोटं नसतं.

वसंत_पुणे
आमचं सगळं कमवा आणि शिकावर झालं. सकाळी कॉलेजच्या बागेला पाणी, दुपारी लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालायची, तासावर पैसे. पहिल्यांदा हातात आले त्यातून मेसचं बिल दिलं नि उरलेल्याची बाकरवडी. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे आमच्या विद्यापीठाच्या योजनेला, आणि त्यांच्याच साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात १९४७ पासून पोरं राबून शिकली. तुमच्याकडे वर्क स्टडी म्हणतात तेच ना?

अश्विनी_के
हो तेच, पण त्याला एफएएफएसए (केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) भरावा लागतो, एच-फोरवाल्यांना नाही मिळत. आता प्रत्येक कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर पण असतं, धान्य, साबण, राहायची अडचण असेल तर ती पण. तिथे कुणी सोशल सिक्युरिटी नंबर विचारत बसत नाही, निदान आमच्याकडे तरी. डाळ मिळते, पण हिरवी मसूर 😐

जुना_दिआंझाकर
बजेटवरून आठवलं, क्युपर्टिनोला दि आंझा कॉलेजच्या पार्किंगमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फ्ली मार्केट (जुन्या वस्तूंचा बाजार) भरायचं, ते स्टुडंट गव्हर्नमेंट चालवायचं, स्टॉलचं भाडं मुलांच्या कार्यक्रमांना. अर्ध्या बे एरियातल्या देशी लोकांनी पहिली सायकल, पहिलं टेबल तिथून घेतलंय. मी तर हॉकिन्सचा कुकर घेतला होता, पाच डॉलर!

मीता_सॅनहोजे
पाच?? शिट्टी होती का त्याला?

जुना_दिआंझाकर
शिट्टी होती, रिंग नव्हती. रिंग मुंबईहून मागवली, आली ती पाच लिटरची, कुकर तीनचा.

खादाड_बोका
तीनची माझ्याकडे पडून आहे. पत्ता पाठवा.