रोलिंगबाईंची गरिबी पोरांना सांगावी का?

बर्डीकर
परवा पोराच्या शाळेत व्याख्यान झालं, हॅरी पॉटरवाल्या जे. के. रोलिंगवर. घर गरम ठेवायला पैसे नव्हते म्हणून बाई कॅफेत बसून लिहायच्या, 12 प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं, तरी जिद्द सोडली नाही, वगैरे. पोरगा सातवीत. घरी आला तो वही उघडूनच बसला. अंबाझरीच्या तळ्यातल्या राक्षसाची गोष्ट. 11 पानं झाली! मला तर व्याख्यान वसूल वाटलं. बायको म्हणते, असली स्वप्नं दाखवू नका. तुमचं काय मत?

धंतोलीची मावशी
बायकोचं ऐका थोडं. थंड घराची गोष्ट खुद्द रोलिंगनीच खोडून काढलीय. ऐन हिवाळ्यात एडिंबरात तसलं घर भाड्यानं घ्यायला मी काय मूर्ख होते, असा त्यांचा सूर. लेकीला बाबागाडीत घालून फिरवायच्या, ती झोपली की कॅफेत शिरून लिहायच्या. एवढंच. (कुलर नव्हता म्हणून लेखक झालेला नागपूरकर मला तरी अजून भेटला नाही.) व्याख्यानात जे सांगत नाहीत ते वेगळंच. एकट्या आईला सरकारी भत्ता मिळत होता. 1997 साली पहिलं पुस्तक आलं, 500 प्रती. त्यातल्या 300 ग्रंथालयांना गेल्या. त्याच वर्षी स्कॉटिश आर्ट्स कौन्सिलनं 8,000 पौंड दिले, पुढचं लिहा म्हणून. नुसत्या जिद्दीनं चूल पेटत नाही.

खामल्याचा गडी
मावशी, भत्ता तं तिथं लय जणींले भेटत होता. त्या साऱ्या रोलिंग झाल्या काय? 1990 मध्ये मँचेस्टर-लंडन गाडी रखडली, बाईजवळ चालू पेन नोता, तं डोक्यातच सारं रचत बसली. त्याच डिसेंबरात माय गेली. मंग पोर्तुगालात नोकरी, लग्न, तेही मोडलं, लेकरू घेऊन परत. अन् तरी 1995 मध्ये पुस्तक पुरं केलं, टाइपरायटरवर बडवून. आपली गाडी इटारसीले रखडली तं आपण काय करतो? मोबाइल पाहत बसतो. काहून जिद्दीले नावं ठेवून राहिल्या तुम्ही?

मानेवाड्याचा लेखकू
माझ्या बालकादंबरीच्याही 500च प्रती निघाल्या होत्या. साम्य तिथंच संपलं. शासनमान्य यादीत नाव लागलं नाही, ग्रंथालयांनी घेतली नाही, प्रकाशकानं उरलेले गठ्ठे माझ्याच दारात आणून टाकले. दिवाणाखाली आहेत. वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीला बाहेर काढून झटकतो. पुस्तक वाईट असेलही. पण वाईट आहे हे सांगायला तरी कोणी वाचायला हवं होतं ना.

खामल्याचा गडी
एक पाठवा भाऊ. पैसे देतो, फुकट नको.

धंतोलीची मावशी
मी तेच म्हणतेय. रोलिंगचे प्रकाशक ब्लूम्सबरी, त्यांच्या प्रमुखानं पहिलं प्रकरण आपल्या 8 वर्षांच्या लेकीला वाचायला दिलं. ती पुढचं मागत मागे लागली, तेव्हा पुस्तकाचं नशीब उघडलं. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकावर प्राध्यापक मत देतात, मुलांना कोण विचारतं? बाकी त्यांच्या संपादकाचा बाईंना सल्ला काय होता माहितेय? मुलांच्या पुस्तकांत पैसा नाही, नोकरी बघा.

बर्डीकर
हे बायकोला वाचून दाखवायची चूक केली. पोराला मात्र वेगळंच खटकलंय, नाव अर्धंच का? त्याला सांगितलं, बाईचं नाव पाहून मुलगे पुस्तक घेणार नाहीत, अशी प्रकाशकाला भीती. म्हणून नुसती अक्षरं, आणि त्यातला के आजीच्या कॅथलीनचा. आता म्हणतो, मीही आपल्या आजीचं अक्षर लावतो. आजी सकाळपासून हवेत आहे.

धंतोलीची मावशी
लावू द्या. अन् ती 11 पानं माझ्या नातीकडे पाठवा, तिसरीत आहे. कंटाळली तर तोंडावर सांगते हं ती, पोराला आधीच कल्पना देऊन ठेवा.