अंगावर पाजतेय, तरी पाळणा लांबवायला काही करावं लागतं का?

ओवीची आई
मुलगी पाच महिन्यांची आहे, सिझर झालंय. पाळी अजून नाही. सासूबाई म्हणतात, अंगावर पितेय तोवर दिवस राहत नाहीत, आणि राहिलेच तर राहू दे, दोघं बरोबरीनं मोठी होतील. मला दुसरं हवंय, पण तीन वर्षं तरी नको. तांबीचा (कॉपर-टीचा) विषय काढला तर जाऊबाई म्हणाल्या, ती वर चढते. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. एकटीनं कसं ठरवू? हल्ली रात्री वरचं दूधही देतो.

स्मिता सिस्टर
आजपासून निरोध तरी वापरा. मी ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात असते. सासूबाईंचं खरं, पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी नाही आणि रात्रंदिवस फक्त आईचं दूध, हे तिन्ही असेल तरच. तुमचं वरचं दूध सुरू झालंय, आता उष्टावणही होईल. पाळीच्या आधीच बीज सुटतं. पाळीची वाट बघणाऱ्या बायका आमच्याकडे थेट चौथ्या महिन्यात येतात, रडू आवरत नाही त्यांना.

जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर किमान 24 महिने थांबायला सांगते. सिझर झालेल्या बाईनं तर थांबावंच. घाई केली तर पुढच्या कळांत गर्भाशयाचा जुना टाका उसवायची भीती वाढते.

तांबी गर्भाशयातच असते. क्वचित निसटते, म्हणून पहिल्या पाळीनंतर दाखवून घ्यायचं. तिचे दोन प्रकार: 375 पाच वर्षं चालते, 380ए दहा. काढली की लगेच दिवस राहू शकतात. ‘अंतरा’ नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन दुधाला चालतं, पण थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने जातात. तुम्हाला दुसरं हवंय, म्हणून मी तांबीच सांगेन. आधी लघवी तपासून दिवस राहिले नाहीत ना, ते बघून घ्या.

मिरजकर वहिनी
आमच्या दुसऱ्यानंतर ह्यांनी बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. तीन महिने निरोध वापरला, मग तपासणी झाली. सासरे कितीतरी दिवस बोलले नाहीत. ओवीच्या बाबांना दवाखान्यात बरोबर न्याच. सिस्टरांचं बोलणं त्यांच्याही कानावर पडू दे.

ओवीची आई
नेते. सिस्टर, तांबीनं अंगावरून जास्त जातं ना? माझं हिमोग्लोबिन साडेनऊ आहे.

स्मिता सिस्टर
सुरुवातीचे काही महिने जातं. साडेनऊला बसवता येते, लोहाच्या गोळ्या मात्र सोडू नका. मन धजत नसेल तर छाया गोळी विचारा, तिच्यात हार्मोन नाहीत: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.