मदत हवी आहे : तिसरीचा गृहपाठ घरच्यांना सोबत घेऊन कसा द्यावा?

पाटीपेन्सिल
नमस्कार. करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीचा वर्ग, पट २८. सध्याचा गृहपाठ म्हणजे धडा उतरवा, पाढे पाच वेळा लिहा. वह्या भरतात, पण त्यावर घरी कुणी मुलाशी चार शब्द बोलत नाही. दुसऱ्या सत्रापासून हे बदलायचं आहे, सुरुवात गणितापासून. बरेच पालक शेतात, काही एमआयडीसीत शिफ्टला. चार-पाच घरांत कुणालाच नीट वाचता येत नाही. आठवड्याला किती काम द्यावं? कागदावर नेमकं काय असावं? आणि पालकांनीच लिहून दिलं तर?

रंकाळाकाठ
मॅडम, आधी वेळेचं. २०२० च्या स्कूल बॅग धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठच नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास सांगितलेत. त्यामुळे घरच्यांसोबतचं काम आठवड्याला एकच, २० मिनिटांचं. शिवाय दोन दिवस १०-१० मिनिटं मोठ्यानं वाचन. उतरवून काढणं पूर्ण बंद करा. ते चालू ठेवून वर हे दिलंत तर मुलं आणि पालक दोघंही नव्या कामाला ओझं म्हणतील.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टीन यांनी अशा गृहपाठाची पद्धत बसवली. तिचं मर्म एवढंच, की शिकवायची जबाबदारी पालकावर नाही. मूल सांगतं, दाखवतं, विचारतं आणि घरचं माणूस ऐकतं, उत्तर देतं. म्हणून वर्गात न झालेला भाग कधीही घरी पाठवू नका. नवा भाग गेला की घरी आरडाओरडा सुरू होतो आणि शेवटी वहीत मोठ्या माणसाचं अक्षर दिसतं.

कागद अर्ध्या ए-फोरचा, म्हणजे २८ मुलांना आठवड्याला १४ पानं. वर वर्गात सोडवलेलं एक उदाहरण, मुलानं वाचून दाखवायला. मग घरी करायचं काम. खाली घरच्यांसाठी तीन चेहरे: नीट समजावून सांगितलं, मदत लागली, जमलं नाही. एकावर खूण करायची. सही मागू नका, अंगठा उठवणाऱ्या माणसाला ते मनाला लागतं. आणि ‘आई-बाबांना विचारा’ असं न छापता ‘घरातल्या मोठ्या माणसाला’ असं छापा. काही मुलं आजीकडं असतात.

गणिताला दूध संस्थेची पावती घ्या. आपल्याकडं इतकं तयार साहित्य दुसरं नाही. तीन दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या पावत्या, त्यातला फक्त लिटरचा रकाना. मुलानं आकडा वाचायचा आणि आजीनं तो तोंडी म्हणायचा: ४.५ म्हणजे साडेचार. सकाळी साडेचार, संध्याकाळी साडेतीन, मिळून आठ लिटर. ४.३ आला तर जवळचा अर्धा धरायचा, साडेचार. तिसरीला दशांश नाहीत. दर आणि रक्कम हे रकाने मागं दुमडून मगच पावती शाळेत आणायची, हे आधी बजावून सांगा. घरची मिळकत वर्गात उघडी पडली की पालक पुढच्या वेळी पावती देत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पाटीपेन्सिल
दहाएक घरांत जनावरं नाहीत. त्यांना काय? आणि कागदाऐवजी व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर?

रंकाळाकाठ
दुधाची पिशवी. अर्ध्या लिटरच्या रोज दोन पिशव्या, तर आठवड्याचं दूध किती? ७ लिटर. दोन्ही पर्याय एकाच कागदावर छापा, वेगळा कागद देऊ नका. व्हॉट्सअॅप फक्त आठवण करायला ठेवा. फोन बहुतेक वडिलांच्या खिशात असतो आणि वडील शिफ्टवर. फोटो सक्तीचा केलात तर कामापेक्षा फोटोच नीट काढला जातो.

कागद शुक्रवारी द्या, सोमवारी घ्या. सोमवारी पहिली २५ मिनिटं त्यालाच: सातजणांचे चार गट, प्रत्येकानं आपली बेरीज सांगायची, गटातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान फळ्यावर. हा तास चुकला की मुलांना कळतं की बाई बघत नाहीत, मग कागद दप्तरातच राहतो. गुण नकोत, लाल पेनही नको. कुणाकडून सलग तीनदा ‘जमलं नाही’ आलं तर तेवढ्याच घरी स्वतः बोला.

मोडीवळण
भाषेसाठी थोडं. पालकांनी लिहून द्यायचा प्रश्न सुटतो, जर लिहायचं काम घरी दिलंच नाही तर. जातं, कणगी, मोट अशा जुन्या वस्तूंबद्दलचे तीन प्रश्न वर्गातच तयार करून घ्या, जोडीत एकमेकांना विचारून सराव करा. घरी फक्त विचारायचं आणि एक चित्र काढून तीन नावं द्यायची. पाच वाक्यं सोमवारी वर्गात. कुणाच्या घरी कन्नड बोलत असतील तर उत्तर कन्नडमध्येच घेऊ द्या. मूल ते वर्गात मराठीत सांगतं, तो त्याचा भाषेचाच अभ्यास झाला.

वाचता न येणाऱ्या आजीला वाचनाच्या वेळी दोनच गोष्टी सांगा: मूल अडखळलं तर थांबून राहायचं, आणि पान संपलं की ‘पुढं काय झालं?’ विचारायचं. प्रकल्पाच्या नावाखाली थर्माकोल, चार्ट पेपर असलं काही मागवू नका. पैसे खर्चायचे म्हटलं की काही घरं तिथंच गळतात.

पालकसभेत हे भाषणानं सांगण्यापेक्षा एका मुलाला आणि त्याच्या घरच्यांना समोर बसवून पहिला कागद करून दाखवा. दहा मिनिटं लागतात. मूल अडलं की उत्तर सांगायचं नाही, हे तिथंच दिसू द्या. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात, त्यामुळे पहिली जोडी तिथूनच मिळेल.