जुन्या साठ्याचं कारण अर्धंच पटतं

कच्चं तेल महागलं की पेट्रोल लगेच चढतं, स्वस्त झालं की मात्र सावकाश उतरतं. असं का, यावर 'महागात घेतलेला साठा संपेपर्यंत पंपवाला भाव उतरवणार कसा?' हा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो. पण मग चढताना स्वस्तातला जुना साठा टाकीत असतोच की! तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी आकडा बदलतो. तिथे हिशोब पुढचा टँकर केवढ्याला पडेल याचा असतो, उतरताना मागचा केवढ्याला पडला याचा. सोयीचं गणित. शिवाय चालत्या पंपाची टाकी काही दिवसांतच रिकामी होते, महिनाभर साठा पुरवून सांगता येत नाही.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट बेकन यांनी 1991 साली ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या किमती तपासून याला 'रॉकेट आणि पिसं' म्हटलं होतं: चढताना रॉकेट, उतरताना पीस.

मला यात आपला, म्हणजे गिऱ्हाइकाचा हात जास्त दिसतो. भाव भडकला की आपण चार पंप बघतो, शेजारी विचारतो, दोन किलोमीटर वाकडी वाट करतो. तोच थोडा उतरला की 'चला, सुटलो' म्हणत पहिल्या पंपावर गाडी लावतो. घाऊक दर त्याहून बराच खाली गेलाय हे बघतो कोण? पंपवाल्यालाही घाई नसते. चढत्या काळात आटलेली कमाई तो इथेच भरून काढतो. संगनमत लागतंच असं नाही, शेजारचा पंप उतरेपर्यंत थांबलं तरी पुरतं.

आणि हो, कच्चं तेल निम्म्यावर आलं म्हणून पेट्रोल निम्मं होत नाही. शुद्धीकरण, वाहतूक, लिटरमागे ठरलेला कर जागेवरच राहतो. हे उशीर होण्याचं कारण नव्हे, पण तक्रारीत दोन्ही एकत्र कालवलं जातं.