जिलहिजचा चाँद आणि केस-नखे
जिलहिजचा, म्हणजे बकरी ईदच्या इस्लामी महिन्याचा, चाँद दिसल्यावर कुर्बानी करणाऱ्याने केस किंवा नखे कापली तर कुर्बानीच बाद होते, असे एका प्रतिसादात म्हटले आहे. ते बरोबर नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा यांनी सांगितलेल्या हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनानुसार) कुर्बानीचा इरादा असणाऱ्याने कुर्बानी होईपर्यंत केस-नखे कापू नयेत हे खरे, परंतु इस्लामी कायद्याच्या वेगवेगळ्या परंपरांत याबाबत फरक आहे: हंबली मतात जे कापणे हराम (निषिद्ध) मानले जाते, तेच शाफई मतात मकरूह (नापसंत) आहे आणि हनफी उलेमा (धर्मपंडित) न कापणे मुस्तहब (चांगले, पण सक्तीचे नव्हे) समजतात. त्यामुळे कोकणातील शाफई घरात आणि मराठवाड्यातील हनफी घरात उत्तर थोडे निराळे मिळते. कापल्यास कफ्फारा (प्रायश्चित्त) नाही, कुर्बानीही वैध राहते. मात्र नखे ४० दिवसांहून जास्त न कापता ठेवू नयेत, म्हणून ती कापून ४० दिवस होत आले असतील, तर ती चाँद दिसण्यापूर्वीच कापावीत. हे अनेकजण विसरतात, म्हणून आग्रहाने लिहितो आहे.