लाइव्ह कार्यक्रमासाठी मोठा एलईडी ध्वनिमापक बनवायचाय, सल्ला हवा

कोमल_रिषभ
नमस्कार मंडळी. पुण्यात आमचा आठ जणांचा वाद्यवृंद आहे. भावगीतं, नाट्यगीतं, शेवटी दोन लावण्या. गणपती ते कोजागरी या दिवसांत सोसायट्यांमध्ये आणि छोट्या सभागृहांत पंधरा-वीस कार्यक्रम होतात. पहिल्या गाण्याला आवाज छान असतो. मग ढोलकी जरा चढते, कीबोर्डवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, गायिका मॉनिटर (स्टेजवर स्वतःचं ऐकायचा स्पीकर) वाढवून मागते आणि मध्यंतरापर्यंत नुसता गोंगाट उरतो. मागच्या नवरात्रात पहिल्या रांगेतल्या एक आजी कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांच्याच फर्माइशीचं गाणं चालू होतं. ते मनातून जात नाही.

म्हणून प्रेक्षकांच्या मागे, स्टेजकडे तोंड करून, सहा फुटी एलईडीचा खांब उभा करायचाय. आवाज चढला की दिवे चढतील आणि आम्हा सगळ्यांना वाजवता वाजवता दिसतील. अंतर चाळीस-पन्नास फूट. बजेट चार हजार, त्यात सगळं. आर्डुइनो (प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड) थोडंफार केलंय, सोल्डरिंग येतं. गणपतीला सात आठवडे आहेत.

जुना_सोल्डर
एलएम३९१५ घ्या, बाकी काही लागत नाही. एका चिपवर दहा दिवे, प्रत्येक पायरी ३ डेसिबलची, म्हणजे ३० डेसिबलचा पल्ला. प्रोग्राम नको, लॅपटॉप नको. मी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी केलेला अजून चालतो.
मी ठेच खाल्ली ती सांगतो. ही चिप करंट आत ओढते. १२ व्होल्टच्या मोठ्या पट्ट्या चालवायला मी मध्ये यूएलएन२८०३ हा सिग्नल उलटा करणारा ड्रायव्हर घातला, तर शांततेत सगळे दिवे पेटलेले आणि आवाज वाढला की एकेक विझायला लागला! पीएनपी ट्रान्झिस्टर लावल्यावर सरळ झालं. आणि नववा पाय प्लसला जोडा, नाहीतर खांब चढायच्या ऐवजी एकच ठिपका वरखाली पळतो.

मांडववाला
चार हजारांत काही होत नाही भाऊ. आमच्याकडे आठ बाय सहाची व्हिडिओ वॉल आहे. लॅपटॉपवर मीटर चालवायचा आणि वॉलवर टाकायचा, अख्ख्या मैदानाला दिसतो. गेल्या वर्षी एका लग्नात टाकला होता, लोक मोबाइलमध्ये शूट करत होते. दोन पॅनल भाड्याने घेतलेत तरी काम होईल.

कोमल_रिषभ
मांडववाला, एका कार्यक्रमाचं आमचं मानधनच तेवढं नसतं हो.

तपकीरगल्ली
पी१०. डोळे झाकून पी१०. दुकानांवर लाल अक्षरं पळतात तेच पॅनल. ३२ बाय १६ ठिपके, ३२० बाय १६० मिलिमीटर. साइनबोर्डवाल्यांचा ठोकताळा आहे की दहा फुटांना एक इंच उंचीचा अंक लागतो. पन्नास फुटांना पाच इंच झाले, आणि पॅनलची उंची सव्वासहा इंच आहे. दोन पॅनल शेजारी ठेवले की "९२" असा आकडा ठणठणीत दिसतो. बुधवार पेठेत सहज मिळतात. फक्त एकाच लॉटचे घ्या. मी वेगवेगळे घेतले आणि एक पॅनल कायम फिकट दिसत राहिला.

अनवट
आमच्या सोसायटीत टाळ्यांची स्पर्धा असते, कुठल्या इमारतीच्या टाळ्या जास्त. त्यासाठी मी केवाय-०३७ हा सेन्सर लावला होता. स्वस्त आहे आणि मुलांना फार आवडला. तोच लावा.

लो_पास
अनवट, त्या मॉड्यूलवर तुलना करणारी चिप असते. आवाज ठरावीक रेषेच्या वर गेला की हो, नाहीतर नाही. टाळ्यांना पुरतं, मोजायला नाही. त्यावर दुसरी ॲनालॉग पिन असते, पण तिच्यातून मिळणाऱ्या आकड्याचा डेसिबलशी नीट मेळ बसत नाही.
मॅक्स९८१४ हा माइकचा बोर्ड पण टाळा. त्यात गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते, आपोआप कमी-जास्त होतं. आवाज वाढला की तो स्वतःच दाबतो, म्हणजे जे मोजायचं तेच पुसून टाकतो. मोबाइल ॲपमध्येही बऱ्याचदा हाच घोटाळा होतो.
आयएनएमपी४४१ हा डिजिटल माइक घ्या, दोनशेच्या आसपास. ९४ डेसिबलला तो स्वतःच्या कमाल आकड्याच्या २६ डेसिबल खाली असतो, म्हणजे त्याचं छत १२० डेसिबलला. प्रेक्षकांत ठेवलात तर भरपूर झालं, ढोलकीच्या पुढ्यात ठेवलात तर आवाजाचा वरचा भाग कापला जाईल. सोबत ईएसपी३२ हा प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड. त्याच्या स्वतःच्या ॲनालॉग पिनवर भिस्त ठेवू नका, त्या सरळ रेषेत मोजत नाहीत.
माइकचं भोक बोर्डाच्या खालच्या बाजूला असतं. मी पहिला माइक वरची बाजू समोर करून डबीत गरम गोंदाने चिकटवला आणि भोकच बुजवलं. दुसऱ्यात सोल्डरचा फ्लक्स गेला. तिसरा चालला.

सहज_वाचक
मोबाइल ॲप का नाही वापरत? फुकट आहे. मी वापरतो.

तपकीरगल्ली
वर लो_पास यांनी लिहिलंय की.

राधिका_नाशिक
मूळ मुद्दा कायद्याचा आहे आणि त्याकडे कुणी पाहत नाहीये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. तुमचा खांब ९० दाखवेल तेव्हा तुम्ही नियम मोडलेलाच असेल.

मांडववाला
मग कार्यक्रमच करू नका म्हणा! ५५ तर दोन माणसं बोलली तरी होतात. आमचा धंदा बसतो असल्या आकड्यांनी. पोलीस पावणेदहालाच दारात येऊन उभे राहतात.

राधिका_नाशिक
पावणेदहाला आले ते बरंच केलं. माझ्या सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात आमच्या गल्लीत रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालू होते. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, तो त्यांतला दिवस नव्हता.

फेडरवर_बोट
दोघंही थोडं थांबा. ते आकडे परिसराचे आहेत, सभागृहातल्या खुर्चीचे नाहीत. सार्वजनिक ठिकाणी स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर मोजायचं. तिथे आसपासच्या आवाजापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. बंद सभागृहाच्या आतल्या कार्यक्रमाला रात्रीच्या स्पीकरबंदीतही सवलत आहे.
कोमल, तुम्हाला उपयोगी पडेल ते सांगतो. साउंड चेकला एकदा खुर्च्यांच्या मधोमध मोजा, एकदा फाटकावर. दोन्हींतला फरक वहीत लिहून ठेवा. त्या जागेपुरता तो साधारण तेवढाच राहतो. मग आतला मीटर बघून बाहेर काय चाललंय त्याचा अंदाज येतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात, सभागृहात ते गणित चालत नाही.
आता माझं गाऱ्हाणं. मीटर वादकांना कशाला दाखवताय? आवाज सांभाळणं माझं काम. वीस वर्षं हेच करतोय. आठ जण मीटर बघून आपापला आवाज बदलायला लागले तर मी मिक्स कशाच्या आधारावर धरू? मीटर माझ्या टेबलावर ठेवा आणि स्टेजवरचे मॉनिटर खाली आणा. रोग तिथे आहे.

मुग्धा_म्युनिक
फेडरवर_बोट यांच्याशी सहमत. इथे जर्मनीत डीआयएन १५९०५-५ हा मानदंड आहे. प्रेक्षकांना सर्वांत मोठा आवाज जिथे मिळतो त्या जागेसाठी ३० मिनिटांची सरासरी ९९ डेसिबलच्या आत ठेवायची. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला भाड्याच्या सभागृहात ध्वनिसंयोजकासमोर मीटर असतो, प्रेक्षकांना तो दिसतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० ही वरची मर्यादा सुचवली. क्षणाचा आवाज बघू नका, सरासरी बघा.

लो_पास
+१. पण सरासरी काढताना डेसिबलच्या आकड्यांची बेरीज करून भागू नका, मी महिनाभर तेच करत होतो. निम्मा वेळ ८० आणि निम्मा वेळ १०० असेल तर सरासरी ९० येत नाही, ९७ येते. आधी ऊर्जेत बदला, सरासरी काढा, मग परत डेसिबल.

ढोलकीवाला
प्रत्येक धाग्यात ढोलकीवरच का घसरता? ढोलकी चढते कारण कीबोर्डचा खर्ज तिला गिळतो. शिवाय हे मीटर "ए" वेटिंगने (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरून) मोजतात, त्यात खर्ज दिसतच नाही. चाटीचा टणत्कार मात्र पूर्ण मोजला जातो. म्हणजे दोष आमच्या माथी.

लो_पास
हे म्हणणं बरोबर आहे. "ए" मध्ये १०० हर्ट्झला साधारण १९ डेसिबल वजा होतात, ५० हर्ट्झला ३०. "सी" या दुसऱ्या वेटिंगमध्ये ५० ला जेमतेम सव्वा. कायदा "ए" मागतो, छातीत धडधडतं ते "सी" मध्ये दिसतं.

ढोलकीवाला
बघा म्हणजे. अजून एक. लावणीच्या उठावणीला माझी नजर नाचणारीच्या पायांवर असते, तिथे आकडा कोण वाचणार? आणि मला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही, जन्मापासून. नुसता रंग बदलणारा खांब केलात तर माझ्यासारख्याला काही समजायचं नाही.

पट्टीचा_गडी
डब्ल्यूएस२८१२बी ची (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येणारी) पट्टी घ्या, मीटरला ६० दिव्यांची. मी पाच मीटर लावली. पूर्ण पांढऱ्यात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे ३०० दिव्यांना १८ अँपिअर. मी मोबाइलचा चार्जर लावला होता. शेवटचे दिवे पिवळट, मग तांबडे, मग बंद. वीज दोन्ही टोकांनी द्या. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, मध्ये ७४एएचसीटी१२५ ही तो ५ व्होल्टपर्यंत चढवणारी चिप टाका, नाहीतर मधूनच पट्टी वेडीवाकडी लुकलुकते. दिसायला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही, आमच्या घरच्या गणपतीला सगळी गल्ली बघायला आली होती.

फेडरवर_बोट
आणि त्या पट्टीचा सप्लाय माझ्या मिक्सरच्या बोर्डावर लावू नका. एकाने लावला होता, अख्खं पहिलं गाणं गुणगुण ऐकू येत होती. वेगळ्या प्लगवरून घ्या, माइकच्या केबलपासून लांब. एसएमपीएसच्या (त्या सप्लायच्या) धातूच्या डब्याला अर्थिंग हवंच, मांडवात पोरं कुठेही हात घालतात.

जुना_सोल्डर
एलएम३९१५ ला यातलं काहीच लागलं नसतं.

कोमल_रिषभ
सगळ्यांचे आभार. तीन दिवस वाचत होतो, वहीत आकृत्या काढत होतो. ठरलं ते तुम्हा कुणाच्याच सल्ल्यासारखं नाही. खांब नाही, पी१० नाही, आकडाही नाही.
तीन आकाशकंदील करतोय. एकाखाली एक, दोरीवर. खाली हिरवा, मध्ये पिवळा, वर लाल. एका वेळी एकच पेटणार. ढोलकीवाला, तुमच्यामुळे सुचलं: रंग कळला नाही तरी कुठल्या उंचीवरचा पेटलाय ते कळेल, आणि नजर न वळवता कोपऱ्यातून दिसेल. आत १२ व्होल्टची साधी पट्टी, प्रत्येकाला एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), मागे ईएसपी३२ आणि आयएनएमपी४४१. दहा सेकंदांची ऊर्जेतली सरासरी, "ए" वेटिंग. ८५ ला पिवळा, ९२ ला लाल. हे आकडे माझे, त्या आजींच्या खुर्चीवरून ठरवलेले.

तपकीरगल्ली
कंदिलात "९२" कसं दिसणार? पी१० एकदा लावून तरी बघा.

लो_पास
कॅलिब्रेशन कसं करणार? ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर (माइकवर बसवून ठरलेला आवाज देणारं यंत्र) त्या छोट्या बोर्डावर बसत नाही. चांगला क्लास २ चा मीटर कुणाकडून एक दिवस मागा, दोन्ही माइक शेजारी ठेवा, स्पीकरवर पिंक नॉइज (खर्जापासून तारपर्यंत सगळे सूर असलेला सलग खरखराट) लावा आणि फरक प्रोग्राममध्ये घाला.

कोमल_रिषभ
(नऊ आठवड्यांनंतर)
चार कार्यक्रम झाले. लो_पास यांनी सांगितलं तसंच केलं. एका महाविद्यालयातल्या मित्राने मीटर आणून दिला, फरक साडेतीन डेसिबलचा निघाला. कंदील आईने बांधले, बांबूच्या कामट्या आणि जिलेटिन कागद. खर्च तीन हजार एकशे वीस. माइक मधल्या रांगेवर, छतापासून दोरीने सोडलेला, वर स्पंजची टोपी.
पहिल्या कार्यक्रमात टाळ्यांनी प्रत्येक वेळी लाल पेटला आणि सगळे दचकले. आता प्रत्येक गाण्याच्या शेवटी निवेदिका बटण दाबते आणि निवेदन संपेपर्यंत कंदील गोठतात. दुसऱ्या कार्यक्रमात लावणीला लाल लागला, सगळ्यांनी ढोलकीकडे पाहिलं, ढोलकीवाल्याने हात हलका केला, तरी लालच. मग गायिकेचा मॉनिटर उतरवला आणि पिवळा झाला. फेडरवर_बोट, तुमचं निदान खरं होतं.
एक गोष्ट फसली. तिसऱ्या ठिकाणी पूर्ण वेळ हिरवा-पिवळा होता, तरी पहिल्या मजल्यावरून निरोप आला की भिंत थरथरतेय. तो कीबोर्डचा खर्ज, "ए" मध्ये दिसलाच नाही. आता "सी" पण मोजतोय. दोन्हींतला फरक ठरावीक आकड्याच्या वर गेला की मधला कंदील लुकलुकेल असं लिहितोय.

ढोलकीवाला
सांगितलं होतं.

राधिका_नाशिक
फाटकावर मोजलंत का?

कोमल_रिषभ
हो ताई, चारही ठिकाणी. वहीत लिहिलंय. दोन ठिकाणी त्यामुळे पिवळ्याची रेषा ८२ वर आणली.

फेडरवर_बोट
माझ्या टेबलावरून कंदील दिसत नाहीत, माझ्या डोक्यामागे लटकतात. मला मान वळवावी लागते.

कोमल_रिषभ
काका, तुमच्यासाठी तीन छोटे करायला घेतलेत. पुढच्या कार्यक्रमाला फेडरशेजारी असतील.