चिपळूणच्या बागेसाठी जुनी फोर बाय फोर: मोठी भरवशाची घ्यावी की स्वस्तात दुरुस्त होणारी?

जांभाचिरा
नमस्कार मंडळी. चिपळूणपासून आत आमची आंबा-काजूची बाग आहे. आई-बाबा तिथे, आम्ही दोघं पुण्यात. महिन्यातून एखाद-दोन वेळा उंब्रज-पाटण-कुंभार्ली मार्गे जाणं होतं. डांबरी संपल्यावर बागेपर्यंत लाल मातीची वाट आहे, मध्ये एक पऱ्या (ओढा) आणि लगेच खडी चढण. पावसाळ्यात आमची हॅचबॅक खालीच लावावी लागते. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना तेवढं चालवत नाही.

बजेट १२ लाख, म्हणजे जुनीच. जिम्नी, २०२० नंतरची थार डिझेल, किंवा याच पैशात मिळणारी जुनी फॉर्च्युनर नाहीतर एंडेव्हर. नवऱ्याचा कल फॉर्च्युनरकडे आहे, ती बंद पडत नाही म्हणतो. मला दुरुस्तीच्या बिलांची धास्ती आहे. वापरणाऱ्यांनी कृपया सांगावं.

सडा_कातळ
ताई, आधी बघा फोर बाय फोर खरंच लागते का. आमच्याकडे राजापूर भागात बोलेरोला मागे चांगले ऑल टेरेन टायर घालून बरेच जण भागवतात. चढणीवर जांभ्याचे चिरे बसवून घेतले तर खर्च एकदाच.

जांभाचिरा
चिरे टाकून झाले हो, दोन पावसात खचले. वाट सामायिक आहे, त्यामुळे काँक्रीटचं घोडं अडलंय. आणि मे अखेरीस पेट्या भरून खाली उतरताना फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा, हळू पण जोरकस गिअर) असणं गरजेचं वाटतं.

पाना_बारा_तेरा
माझं कऱ्हाडला गॅरेज आहे, या चारही गाड्या हाताखालून गेल्या आहेत. सविस्तर लिहितो.

फॉर्च्युनर भरवशाची आहे, यात वाद नाही. पण १२ लाखांत जी मिळेल ती पहिल्या पिढीतली, ३ लिटर इंजिनवाली. २००९ पासून आलेल्या या गाड्या आता चांगल्याच फिरलेल्या आहेत. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो वेळेवर बदलल्याची नोंद हवी. चार इंजेक्टर, टर्बो, पुढचे लोअर आर्म, स्टिअरिंग रॅक हे सगळं वयानुसार येणारच. गाडी तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळाली तरी पार्ट तिसऱ्या हिश्श्यात मिळत नाही. नव्या फॉर्च्युनरवाल्याला जे बिल येतं, तेच तुम्हाला येणार. टायरसुद्धा २६५ रुंदीचे. जिम्नीचा टायर १९५/८० आर १५, एका टायरमागेच केवढा फरक पडतो ते दुकानात विचारून बघा.

एंडेव्हर चालवायला मला स्वतःला फार आवडते. ३.२ लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन घाटात काय ओढतं! पण फोर्डने २०२१ मध्ये भारतात विकायच्या गाड्यांचं उत्पादन थांबवलं. सर्व्हिस आणि पार्ट मिळतात, नाही असं नाही. पण एखादा सेन्सर किंवा कंट्रोल मॉड्यूल गेलं तर चिपळुणात कोणी शेल्फवरून काढून देणार नाही. ऑर्डर टाका आणि वाट बघा. पावसाळ्यात तुमची एकच गाडी तीन आठवडे जॅकवर उभी राहिली तर बाबांचं काय? बिलापेक्षा हा खर्च मोठा आहे आणि तो कोणी हिशेबात धरत नाही.

थारचं २.२ एमहॉक हे त्याच घराण्यातलं इंजिन स्कॉर्पिओत असल्यामुळे तालुक्याच्या गावातला फिटरही उघडतो. जिम्नीचं १.५ लिटरचं के१५बी इंजिन २०२२ पर्यंतच्या अर्टिगात होतं, त्यामुळे फिल्टर, प्लग, सेन्सर कुठेही मिळतात. मात्र जिम्नीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि पुढचा अ‍ॅक्सल अर्टिगात नाही, तो माल मागवावाच लागतो. एवढं लक्षात ठेवूनच घ्या.

आता एक प्रश्न मी विचारतो: गाडी पुण्यात राहणार की बागेत?

जांभाचिरा
केवढं छान लिहिलंत, आभार. बहुतेक बागेतच राहील. बाबांना बाजारहाट, दवाखाना, सगळं दहा-बारा किलोमीटरच्या आत. आम्ही पुण्याहून एसटीने किंवा हॅचबॅकने जाऊ.

पाना_बारा_तेरा
मग डिझेल नको, पेट्रोलवरची जिम्नी बघा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ डिझेलला सायलेन्सरच्या लाईनमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला इंजिन नीट तापून सलग हायवेवर पळावं लागतं. दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. मग डॅशवर दिवा लागतो, पिकअप पडतो, आणि फिल्टर पूर्ण भरला की मोठा खर्च. गाडी पुण्यात राहून कुंभार्ली करत असती तर मी थारलाच मत दिलं असतं.

गडवाट
पाना दादांशी सहमत. फोर्सच्या गुरखाचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक (अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय) कंपनीतूनच, चिखलात तिला तोड नाही. पण सर्व्हिस सेंटर मोजकी. आम्ही आकुर्डीला फोर्स कंपनीच्या जवळ राहतो म्हणून निभतं. चिपळूणला वडिलधाऱ्या माणसाच्या हाती देऊ नका, चढा-उतरायलाही उंच आहे.

सडा_कातळ
त्यापेक्षा जिप्सी का नाही? साधं इंजिन, कोणीही दुरुस्त करतो.

पाना_बारा_तेरा
सडा कातळ, जिप्सी मलाही जवळची आहे. पण पाटे कडक, गुडघ्याच्या माणसाला तो हादरा सोसवणार नाही. शिवाय चांगली उरलेली सापडणं कठीण, बऱ्याचशा पंधरा वर्षांच्या पुढे गेल्यात, म्हणजे फेरनोंदणी आणि हरित कर आला.

जांभाचिरा
नवऱ्याला धागा वाचायला दिला, जिम्नीवर एकमत झालं. कऱ्हाडलाच एक २०२३ ची बघायची आहे. बघताना काय तपासू?

पाना_बारा_तेरा
ताई, मालक म्हणेल "फोर बाय फोर कधी वापरलीच नाही, अगदी कोरी आहे". ही जमेची बाजू समजू नका. वर्षानुवर्षं न हलवलेला लिव्हर अडकतो. कच्च्या रस्त्यावर नेऊन टू हाय (फक्त मागची चाकं), फोर हाय (चारही चाकं, नेहमीच्या वेगात), फोर लो तिन्ही स्वतः टाकून बघा. फोर लो गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये.

उलट, खूप पाण्यातून काढलेली असेल तर दोन्ही डिफरन्शिअल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि ट्रान्सफर केसचे प्लग उघडायला लावा. बोट घालून ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बेअरिंगं गंजलेली असण्याची दाट शक्यता, मग किंमत कमी करत बसू नका, दुसरी गाडी बघा. ऑइल स्वच्छ असेल तर घेतल्यावर तिन्ही ठिकाणचं बदलून टाका, आणि तुमचा पऱ्या खोल असेल तर दर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा. बेअरिंगं बदलण्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे, म्हणून साठ-सत्तरच्या वेगात खड्ड्यावरून नेऊन स्टिअरिंग थरथरतं का बघा. थरथरलं तर आधी टायर बॅलन्सिंग, मग टाय रॉडचे एंड, मग किंग पिनची बेअरिंगं, या क्रमाने तपासायचं. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं की खेळ हाताला कळतो.

आणि बाबांना एक नक्की सांगा: कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर हायमध्ये वळायचं नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि या गाडीला मध्ये डिफरन्शिअल नाही. सगळा ताण ट्रान्सफर केसच्या चेनवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. पऱ्या ओलांडून, चढण संपवून डांबरीला लागलं की लगेच टू हाय. महिन्यातून एकदा मात्र बागेतल्या मातीत थोडं अंतर फोर हायमध्ये फिरवायची, म्हणजे पुढच्या डिफलाही ऑइल लागतं.

गाडी बघायला शनिवारी येणार असाल तर इथेच मेसेज टाका, जॅक आणि टॉर्च घेऊन मी येतो.